मुंबईत मुलांना घेऊन स्वस्तात फिरायचं, तर आधी वेळ ठरवा

रविवारी संध्याकाळी पाच वाजता गेटवेसमोर उभं राहून बघा. धाकट्याला समोर फक्त लोकांच्या पाठी दिसतात. फुगेवाला, फोटोवाला आणि बुढ्ढी के बालवाला आळीपाळीने अंगावर येतात. तासाभरात पाचशेची नोट मोडलेली असते आणि घरी आल्यावर ‘आज काय पाहिलं?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘फुगा’. त्याच गेटवेवर सकाळी सातला जा. कबुतरं, समुद्राचा वास, हलणाऱ्या बोटी, आणि १९२४ साली पुरी झालेली ती कमान जवळजवळ तुमच्या एकट्याची.

आम्ही डोंबिवलीचे. मोठी अकरा वर्षांची, धाकटा सातचा. महिन्यातून दोनदा तरी मुंबईत जायचं आणि चौघांचा सगळा खर्च शक्यतो तीनशेच्या आत ठेवायचा, असा आमचा बेत असतो. बहुतेक वेळा तो जमतो. इतक्या फेऱ्यांनंतर एक गोष्ट पक्की कळली आहे. या राजधानीत फुकट किंवा नाममात्र तिकिटाच्या जागांना तोटा नाही आणि पैसे तिकिटात जातही नाहीत. चुकीच्या वेळी गेलं की ते तहान, भूक, टॅक्सी आणि हट्ट यांत जातात. म्हणून ठिकाणाच्या आधी वेळ ठरवायची.

शुक्रवारी रात्री बघायच्या तीन गोष्टी

पहिली, मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकलची वाहतूक अडवून ठेवायची वेळ. रविवारचा ब्लॉक कुठे आहे ते रेल्वे आधीच जाहीर करते. साधारण सकाळी साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत तो चालतो. गाड्या अगदी बंद नसतात, पण रखडतात, मार्ग बदलतात आणि गच्च भरतात. त्यामुळे जाताना नऊच्या आत पोचायचं आणि परतताना साडेचारच्या पुढची गाडी धरायची. दक्षिण मुंबईत असाल आणि मध्य रेल्वेवर गोंधळ असेल तर चर्चगेटहून दादर गाठा आणि तिथे गाडी बदला. पाच-दहा रुपये जास्त पडतील, पण मुलं चिरडणार नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना लोकलचं तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट. सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं, त्यामुळे प्रवासावर फार डोकं लढवायची गरज नाही.

दुसरी, सुट्टीचा वार. एका सोमवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी दोन्ही मुलांना घेऊन उत्साहात निघाले आणि बंद फाटकासमोर उभी राहिले. धाकट्याने फाटकाच्या गजातून आत बघत विचारलं, ‘प्राण्यांना पण सुट्टी असते का?’ तेव्हापासून फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे. सोमवारी बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, त्यातली कान्हेरी लेणी, घारापुरी आणि नेहरू तारांगण बंद. बुधवारी राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय, आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर राणीची बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात.

तिसरी, भरती-ओहोटी. ही बहुतेक जण बघतच नाहीत. किनाऱ्यावर जायचं नसेल तर सोडून द्या, पण जायचं असेल तर हीच सगळ्यात महत्त्वाची. तिचा हिशेब पुढे जुहूबरोबर देते.

डबा आणि एक हट्ट

पोळीभाजी नेऊ नका. ती बागेत बसून खायला ताट-वाटी लागते, हात माखतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, गूळ-तुपाची गुंडाळलेली पोळी असं एका हातात धरून खाता येणारं काहीतरी न्या. काकडी कापून नाही, अख्खी न्या. पाणी माणशी एक बाटली. प्रत्येकाने आपली बाटली स्वतः उचलायची. जुनी चादर, ओला रुमाल आणि जास्तीची एक प्लास्टिकची पिशवी.

आमच्याकडे प्रत्येक मुलाला दिवसाला एक हट्ट मिळतो. गोळा, भेळ, फुगा, काय वाटेल ते, पण एकच. सकाळी दहालाच तो वापरला तर संध्याकाळी मागायचा नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत रडारड झाली. आता मोठी हट्ट शेवटपर्यंत राखून ठेवते आणि धाकटा तिच्याकडून उसना मागतो.

आणखी एक. एका दिवसात एकच भाग. ‘आलोच आहोत तर हाजीअलीपण करून घेऊ’ असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. तिथेच टॅक्सीचे दोनशे रुपये जातात.

फोर्ट : दगडातले प्राणी शोधत

रविवारी सकाळी फोर्टातली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे असतात. साडेआठच्या सुमाराला सीएसएमटीला उतरा आणि लगेच निघू नका. स्टेशनाच्या बाहेर रस्त्यापलीकडे जाऊन मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यावर बांधलेली ही इमारत १८८८ची, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पण मुलांना साल सांगू नका, प्राणी शोधायला सांगा. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग भिंतींवर मोर, मगरी, चित्रविचित्र तोंडं, वेली. जो जास्त मोजेल तो जिंकला. आमच्या घरच्या उच्चांकावर आजही वाद आहे, कारण धाकटा पानांनाही प्राण्यांत धरतो. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही स्टीव्हन्सचंच, १८९३चं. दोन्ही घुमटांत फरक काय, हा पुढचा प्रश्न.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेला निघा. इमारतींच्या खालून कमानींची सलग पडवी जाते, त्यामुळे ऊन-पाऊस लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटनचं कारंजं १८६४चं. त्याच्या शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक आहे, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी गेलेल्यांचं. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आपोआप झाली नाही, हे इथे उभं राहून दोन मिनिटांत सांगता येतं. १ मे १९६० ही तारीख मोठीने पुस्तकात वाचली होती, पण तिच्यामागे माणसं मेली हे तिला इथे कळलं.

चौकातून डावीकडे वळलं की हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि तिच्यासमोर टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या रुंद पायऱ्या. इमारत १८३३ची. पायऱ्या मुलांना मोजू द्या, तोवर तुम्ही बसून घ्या. पहिला डबा उघडायची जागा ती नव्हे, बाग.

मग परत फिरून काळा घोडा. इथे एक गोष्ट मुलांना सांगाच. या चौकाला ज्या घोड्यावरून नाव पडलं तो पुतळा १९६५ साली इथून हलवला. घोड्यावर इंग्लंडचा राजपुत्र, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड बसला होता. पन्नासेक वर्षं चौकात नाव होतं आणि घोडा नव्हता. २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, पण पाठीवर स्वार नाही. ‘मग तो जुना घोडा कुठे गेला?’ असं मुलं विचारतातच. उत्तर देऊ नका. ते पुढच्या फेरीत आहे.

अकराला जहांगीर आर्ट गॅलरी उघडते. १९५२ची ही गॅलरी फुकट आहे, आत हवा गार, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो. मुलांना दालनात ढकलून ‘चित्रं बघा’ म्हणालं तर ती पाच मिनिटांत कंटाळतात. एक काम द्या: घरी नेता येईल असं एक चित्र निवडायचं आणि ते कुठल्या भिंतीवर लावायचं ते सांगायचं. माझ्या मुलीने एकदा थेट चित्रकारालाच विचारलं, ‘हे रंगवायला किती दिवस लागले?’ तो बिचारा पंधरा मिनिटं बोलत होता. जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत याच परिसरात काळा घोडा महोत्सव भरतो. तो १९९९ पासून चालू आहे आणि बरेचसे कार्यक्रम फुकट असतात. पण शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. कामाच्या दिवशी सकाळी मांडणशिल्पं निवांत दिसतात.

शेवट ओव्हल मैदानावर. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर: एकोणिसाव्या शतकातली टोकदार, नक्षीदार गॉथिक रांग. पश्चिमेला १९३०च्या दशकातली गोलसर कोपऱ्यांची, आडव्या पट्ट्यांची आर्ट डेको घरं. मध्ये क्रिकेटच्या दहा मॅचेस आणि कोणाचा बॉल कोणाचा ते कळत नाही. या दोन्ही रांगा मिळून २०१८ साली जागतिक वारसा झाल्या. पाठ फिरवली की पन्नास वर्षं पुढे, एवढंच धाकट्याला सांगितलं, तर तो अर्धा तास गरागरा फिरत राहिला. इथून चर्चगेट स्टेशन चार पावलांवर.

फोर्टचा दिवस पावसाळ्यात थोडा बदलून करता येतो. सीएसएमटीहून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कलाकेंद्राकडे जाणारी ११५ नंबरची दुमजली बस पकडा आणि वरच्या मजल्यावर पहिली सीट मिळेपर्यंत थांबा. ही एसी बस आहे. मे २०२५ मधल्या भाडेवाढीनंतर एसी बसचं किमान भाडं १२ रुपये आणि साध्या बसचं १० रुपये झालंय. बसखर्च वाढला असला तरी समोरच्या काचेवर पाऊस आपटत असताना वरून मुंबई बघणं या पैशांत आणखी कुठे मिळणार?

राणीची बाग : जुन्या घोड्याचा पत्ता

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला चालत दहा-बारा मिनिटं. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे अधिकृत नाव, पण रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत सगळे राणीची बागच म्हणतात. २०१७ साली तिकीट वाढलं तेव्हा मोठ्यांना ५० आणि लहानांना २५ रुपये झाले. पण आईवडील आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं कुटुंबाचं तिकीटही तेव्हाच ठेवलं गेलं. खिडकीवर ते स्वतःहून मागायचं. आणि दर बदललेला नाही ना, ते आदल्या दिवशी बघून घ्यायचं.

साडेनऊला दार उघडतं, तेव्हाच आत शिरा. थेट पेंग्विनकडे जा. २०१६ साली सोलहून आणलेले हम्बोल्ट पेंग्विन मार्च २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. अकरानंतर त्या काचेसमोर इतकी दाटी होते की लहान मुलाला खांद्यावर घ्यावं लागतं. पेंग्विन आटोपले की घाई संपली. वाघ-अस्वलं दुपारी झोपतात, म्हणून तेही सकाळीच.

मग झाडं. माझ्या मते इथलं खरं धन तेच आहे आणि बहुतेक घरं त्यांच्याखाली चादर पसरून वर बघत नाहीत. पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंच शोधा आणि चौघांनी हात धरून तिला कवेत घ्यायचा प्रयत्न करा. कैलासपतीची फुलं फांदीवर नाही, थेट खोडावर येतात. खाली पडलेलं एखादं फूल उचलून पाकळी मागे सारली तर आत पिंड आणि वर नागाची फणा दिसते. नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. ऐन फुलोऱ्याच्या दिवसांत गेलात तर उर्वशीचे लाल घोस विचारत विचारत गाठा.

आवारातच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. तिकीट नाममात्र. आत जुन्या मुंबईचे मातीचे नमुने, बोटी, कारागीर. पण आधी बाहेरच्या दगडी हत्तीजवळ थांबा. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले आणि तो इथेच राहिला. १९१४ मध्ये तुकडे पुन्हा जोडले. जवळून पाहिलं तर सांधे दिसतात. मुलांना ते बोटाने दाखवायला सांगा.

आणि याच परिसरात, संग्रहालयाच्या मागच्या बाजूला तो घोडा आहे. काळा, स्वारासकट. आमच्या धाकट्याने त्याला पाहिल्यावर कमरेवर हात ठेवून म्हटलं, ‘इथे लपलाय होय!’ फोर्ट आणि राणीची बाग या दोन फेऱ्या याच क्रमाने करा, उलट केल्या तर ही मजा जाते.

जुहू : तिथीला पाऊण

किनाऱ्यावर लोक सूर्यास्ताला जातात. मी म्हणेन, ओहोटीला जा. पाणी मागे गेलं की जी ओली वाळू उघडी पडते तिच्यात फुकटचं प्राणिसंग्रहालय असतं.

ओहोटी कधी हे कोळ्यांच्या जुन्या हिशेबाने काढता येतं. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पौर्णिमेनंतर आणि अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून धरायची. समजा रविवारी तृतीया आहे. तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती, आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला पुरतं. अचूक वेळ हवी तर मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक मिळतं. द्वितीया, तृतीया, चतुर्थी हे दिवस सर्वांत चांगले: उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप लांब मागे जातं आणि वेळही सकाळची कोवळ्या उन्हाची येते. अष्टमीला जाऊ नका. पाणी धड मागे जात नाही आणि ओहोटी भर दुपारी बारालाच लागते. भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि पुढच्या तीन महिन्यांतले असे रविवार आजच खुणा करून ठेवा.

ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाण्यामागून चालत जा. वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, एका भोकाभोवती किरणांसारखी. ती एका नखाएवढ्या खेकड्याची कामगिरी. तो वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. उभं राहून बघाल तर तो दिसणार नाही, पावलाचा धक्का कळला की भोकात जातो. गुडघ्यावर बसा, हलू नका, शंभरपर्यंत मनात मोजा. साठ-सत्तरला एक डोळा वर येतो. माझी मुलं इतकी गप्प मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत.

चालणारा शंख दिसला तर आत दुसऱ्याच्या घरात राहणारा खेकडा असतो. नियम चार. जिवंत शंख हातात घ्यायचा नाही, काही डंख मारणारेही असतात. दगड उलटला तर तसाच परत ठेवायचा. रिकामे शिंपले माणशी तीन. आणि पाणी वळलं की आपणही वळायचं.

जून ते सप्टेंबर हा बेत बंद. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, ते फोटो काढायचे मुहूर्त नव्हेत. शिवाय या दिवसांत निळ्या, फुग्यासारख्या, डंख करणाऱ्या जेलीफिशसारख्या गोष्टी वाळूवर येऊन पडतात. मुलांचा हात पहिला त्यांच्याकडेच जातो.

कान्हेरी : स्वस्त, पण फुकट नाही

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट वेगळं, आतल्या बसचं वेगळं, लेण्यांचं वेगळं. चौघांचा हिशेब आमची तीनशेची रेषा ओलांडतो. पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, आणि १८ एप्रिल व १९ नोव्हेंबरला सहसा सगळ्यांनाच. तरी मी वर्षातून एकदा हिवाळ्यात जाते. शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. तीन नंबरचं चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतला उंच उभा बुद्ध, बस्स. त्यानंतर पाणी शोधा. बहुतेक विहारांबाहेर कातळात टाकं खोदलंय आणि छतावरचं पाणी त्यात यावं म्हणून पन्हळी कोरल्या आहेत. इथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. एका पन्हळीत बाटलीतलं चमचाभर पाणी ओता आणि ते कुठे जातं ते मुलांना बघू द्या. डबा मात्र पिशवीत खोल ठेवा. माकडांना पुरीचा वास आपल्याआधी येतो.

घारापुरी सुंदर आहे, पण गेटवेहून चौघांचं बोटीचं भाडंच हजाराच्या आसपास जातं. ते पाहुणे आले की.

अर्ध्या दिवसाच्या जागा

शीवचा किल्ला स्टेशनपासून चालत, फुकट, वरून चौफेर दिसतं. संध्याकाळी उशिरा मात्र नको. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वी कचऱ्याचं डंपिंग होतं, १९९४ पासून तिथे जंगल आहे. पावसाळ्यानंतर फुलपाखरांसाठी जा. मलबार हिलचा लाकडी निसर्ग उन्नत मार्ग, म्हणजे झाडांमधून जाणारी उंचावरची पायवाट, २०२५ मध्ये सुरू झाला, २५ रुपये, वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. सकाळी सहा-सातची घ्या, पक्षी तेव्हाच. तिथून कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट जवळच. गिरगावात गणपतीत केशवजी नाईक चाळीत जा, १८९३ पासूनचा उत्सव, छोटी मूर्ती, चाळीची गॅलरी. लालबागच्या रांगेत मुलाला सात तास उभं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तर काही न करता बसलं तरी संध्याकाळ जाते.

परतीची गाडी पकडताना एकच काळजी. मध्य रेल्वेवर गोंधळ नसेल तर सीएसएमटीहून सुटणारी गाडीच घ्या, भायखळा-दादरला चढायला जाऊ नका. एखादी गाडी सोडावी लागली तरी चालेल, पण खिडकी मिळवा. दिवसभर चाललेली मुलं मशीद बंदर यायच्या आत झोपतात, आणि डोंबिवलीला उतरताना एकाला कडेवर घ्यावं लागतं. तेवढ्यासाठी येताना पिशव्या रिकाम्या असलेल्या बऱ्या.